दिवसातारे, मुलुंड पूर्व

आमच्या सरांचं आडनाव दिवसातारे नव्हतं. हे आधी सांगून टाकतो, कारण त्यांच्या सोसायटीचा वॉचमन, कुरियरवाला, मरोळच्या आमच्या कँटीनचा मालक आणि त्यांच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका पाठवणारा व्याही, या सगळ्यांना आजही तेच खरं वाटतं. ते आडनाव मी ठेवलं. खरं आडनाव अगदी साधं, मालवणाजवळच्या एका गावावरून आलेलं आहे. पण मी हे ठेवल्यापासून खऱ्याचा उपयोग फक्त पेन्शनपुरता उरला.

कुणाला सणसणीत कानाखाली बसली की त्याला दिवसा तारे दिसतात, असं आपण म्हणतो. सरांना मार न खाता दिवसा आकाशात दिवे बघायचे होते, आणि तेही भर दुपारी. असा माणूस हातात आल्यावर मी दुसरं काय नाव ठेवणार? एकदा कँटीनमध्ये म्हणालो, "या, श्री. दिवसातारे!" मंडळी खोखो हसली. सरांनी गंभीरपणे विचारलं, "सातारे वेगळे आणि दिवसातारे वेगळे का रे?" पुढे कुरियरवाला त्या नावाने पाकिटं आणू लागला तेव्हा ते सही करून घेत. मी म्हटलं, "सर, निदान हे तुमचं नाव नाही असं सांगा तरी." तर म्हणाले, "पाकीट माझंच आहे ना? मग झालं."

आमची संस्था अंधेरी पूर्वेला, मरोळच्या कारखान्यांच्या मागे. एका बाजूला मसाले पॅक करणारा, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी करणारा, आणि मध्ये आम्ही, सूर्य आणि पृथ्वी यांच्यातल्या भानगडींचा अभ्यास करणारे. मिरचीची भट्टी लागली की अख्खा विज्ञान विभाग शिंकत असे. मी तिथे विजेच्या जोडण्या बघायचो आणि चहाच्या वेळी लोकांना हसवायचो. दुसऱ्या कामात माझं नाव जास्त होतं.

ऑरोरा म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश. हिरवे पडदे हलताहेत आणि खाली लोक कानटोपी घालून फोटो काढताहेत, हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सरांना त्या चित्राचा राग होता. "रात्रीची ऑरोरा काय, कोणीही बघेल. डोळे असले म्हणजे झालं." मग ते समोरच्याला धरून समजावत. समोरचा कोण आहे याने काही फरक पडत नसे. एकदा त्यांनी गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेतलेल्या माणसाला जिन्यात थांबवलं होतं.

त्यांचं म्हणणं असं. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. पृथ्वी हे एक मोठं चुंबक आहे, आणि त्या चुंबकाचं कवच, मॅग्नेटोस्फिअर, हा वारा अडवतं. पण सूर्याकडच्या बाजूला, दोन्ही ध्रुवांजवळ, या कवचाला नरसाळ्यासारख्या दोन जागा आहेत. तिथून कण थेट आत उतरतात, हवेतल्या ऑक्सिजनला धडकतात आणि तो चमकतो. दिवसाच. "म्हणजे घराचा पुढचा दरवाजा दिवसाच्या बाजूला," सर म्हणत, "आणि हे लेकाचे सगळे रात्री मागच्या गल्लीत कॅमेरे लावून बसतात! कोण घरात शिरलं ते यांना कसं कळणार? सगळा गोंधळ आत होऊन मागून बाहेर पडला की यांचे फोटो!"

अडचण एकच होती. दिवसा ऊन असतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून डास ऐकायचा, तसा हा प्रकार. सरांकडे त्यावर उपाय होता: वजाबाकी. ऑक्सिजनचा तो लाल प्रकाश अगदी ठरावीक रंगाचा असतो. त्या बारीकशा रंगाच्या पट्टीत एकूण उजेड किती आहे ते मोजायचं, त्यात सूर्याचा वाटा किती ते काढायचं आणि वजा करायचं. उरेल ते आपलं. बोलायला सोपं, करायला महाकठीण, कारण वजा करायचा तो डोंगर आणि उरणार ते तांदळाचं फोतर.

या वजाबाकीने त्यांचं डोकं पार व्यापलं होतं. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेऊन ते डोळे मिटत आणि म्हणत, "यातून तिखट वजा कर. भाजी उरते का?" संचालकांचं भाषण संपलं की माझ्या कानाशी लागत, "आभार वजा कर, पूज्य लोकांची नावं वजा कर. काय उरलं?" मी म्हणायचो, "चहा, सर." ते खूश होऊन खांद्यावर थाप मारत. एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, नवी साडी नेसून विचारलं, "कशी दिसते?" त्यांनी त्यातून साडी वजा करायला घेतली. नंतर दोन दिवस डब्यात फक्त भात होता.

मरोळच्या डोक्यावरून विमानं जात. सरांच्या मते विमान म्हणजे आकाशातली घाण. म्हणून त्यांनी रीतसर परवानगी काढून आपलं यंत्र मुलुंड पूर्वेला, स्वतःच्या सोसायटीच्या गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाक्या आणि वहिनींची कुरडयांची प्लास्टिकं यांच्यामध्ये एक लांब पेटी, तिच्यावर काळं कापड, आणि कापडात कमरेपर्यंत शिरलेले सर. खालून नुसती हाफ पँट दिसे. पूर्वेला खाडी आणि मिठागरं, पश्चिमेला डोंगर. वारा फिरला की कांजूरच्या कचऱ्याच्या डेपोचा वास येई, आणि सर कापडातूनच ओरडत, "कांजूर आलं! आता धूर धरून वजा करावं लागणार!"

सोसायटीचे सेक्रेटरी घाटकोपरचं कापडाचं दुकान मुलाकडे सोपवून पूर्णवेळ सेक्रेटरी झाले होते. ते रोज गच्चीवर येऊन विचारत, "शुं साहेब, आज दिसलं काय?"

"नाही!" सर आनंदाने सांगत. "झकास! एकदम स्वच्छ नाही!"

सेक्रेटरींनी मला एकदा जिन्यात गाठलं. "तुमच्या साहेबांना काय प्रॉब्लेम छे? रोज दिसत नाय, रोज खूश?"

मी सरांना विचारलं. ते काळ्या कापडातून बाहेर आले, घामाने निथळत. "अरे, मुलुंडला ऑरोरा नसते. ती ध्रुवाकडे. इथे ऑक्सिजन दिवसा थोडासा चमकतो, सूर्याच्याच उजेडाने, तेवढा यंत्राने मोजावा. त्यापलीकडे शून्य दाखवावं. ज्या यंत्राला मुलुंडला 'नाही' म्हणता येत नाही, त्याने अंटार्क्टिकावर जाऊन 'हो' म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार? हो तर काय, कोणीही म्हणतो."

म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं मुलुंडच्या गच्चीवर बसून मुलुंडला ऑरोरा नाही हे सिद्ध करत होता. याच्यावर विनोद न करणं मला जमलं नाही. आज वाटतं, त्या गच्चीवर अक्कल होती ती फक्त त्या पेटीभोवती. पण अक्कल हसवत नाही, आणि मला हसवायचं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. या क्षेत्रातल्या बहुतेकांनी ती ऐकलेली आहे. 'मुलुंडची ऑरोरा' म्हणून ती प्रसिद्ध आहे. ती अशी सांगतात: एकदा भर दुपारी सरांच्या यंत्रावर लाल रेषेपाशी उंचवटा आला. सर कापडातून बाहेर उडी मारून नाचू लागले, "ऑरोरा! मुलुंडला ऑरोरा!" सेक्रेटरींनी पेढे मागवले. एवढ्यात वहिनी कुरडया उलटायला वर आल्या. त्यांनी काळं कापड उचललं, आत बघितलं, आणि हातातली वाटी कशावर तरी पालथी घातली. उंचवटा गेला. वहिनी म्हणाल्या, "अहो, मुलुंडला ऑरोरा नसते. बटणाचा दिवा आहे तो."

गोष्ट छान आहे. मी रचली आहे.

खरं काय झालं ते आता सांगतो. त्या दिवशी यंत्राची वायर पुरेना, म्हणून मी माझा घरचा एक्स्टेंशन बोर्ड आणून काळ्या कापडाखाली ठेवला. त्या बोर्डाला बटणाशी लाल इंडिकेटर होता. तो बारका दिवा निऑन वायूचा असतो, आणि निऑनच्या लाल प्रकाशात एक रेषा ऑक्सिजनच्या त्या रेषेच्या अगदी शेजारी येते. पडद्यावर उंचवटा आला. मीच ओरडलो, "सर! सर, दिसलं!"

सर नाचले नाहीत. त्यांनी चष्मा वर सरकवून पडद्याकडे पाहिलं आणि चिडून म्हणाले, "हे आपलं नाही. बाजूला सरकलंय बघ. निऑन आहे हा. कोणाच्या बोर्डाला लाल दिवा आहे?" मग कुरडयांच्या पिठाची वाटी घेऊन त्यांनी स्वतः ती दिव्यावर पालथी घातली. उंचवटा गेला. "झकास. नाही," ते म्हणाले आणि परत कापडात शिरले. वहिनी तेव्हा भांडुपला बहिणीकडे गेल्या होत्या.

बोर्ड माझा, ओरडलो मी. सोमवारी कँटीनमध्ये मी ओरडणारा माणूस बदलला आणि त्याला नाचवलं, एवढंच. आणि वाटी वहिनींच्या हातात दिली, कारण बायको आल्याशिवाय गोष्टीला शेवट येईना. टेबलं बडवून हसले लोक. आयुष्यात एवढी दाद मला कधी मिळाली नव्हती. दुपारी दुसऱ्या विभागाचे दोघे मुद्दाम आले, "ती वाटीची गोष्ट सांग ना रे, यार." मी सांगितली. गोष्टीत पेढे तेव्हा घातले.

पुढच्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी यंत्रं निवडायची होती. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. रात्र नाही, म्हणजे रात्रीचे कॅमेरे कुचकामी. सरांच्या यंत्रासाठीच देवाने तो ऋतू बनवला होता. आयुष्यभराच्या 'नाही'नंतर एकदा 'हो' मोजायला मिळणार, म्हणून सरांनी नवीन स्वेटर घेतला आणि मुलुंडच्या उकाड्यात तो घालून बघितला.

निवड समितीपुढे यंत्र लावायला मीही होतो. सरांनी आलेख दाखवले. सगळे शून्याला चिकटलेले, देखणे. अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले आणि मिशीत हसत म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो. पण त्या मुलुंडच्या ऑरोराचं काय झालं?"

खोलीत खसखस पिकली. सरांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांना काहीच कळेना. मग ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मुलुंडला ऑरोरा नसते."

माझ्या गोष्टीतलं वहिनींचं वाक्य, शब्दाला शब्द! खोली कोसळली. एकाने तर डोळे पुसले. सर उभेच, हातात आलेख. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हे का हसताहेत अशा नजरेने. तोंड उघडायची ती वेळ होती. मी वायर गुंडाळत राहिलो. गुंडाळायची नव्हती, तरी.

सरांचं यंत्र गेलं नाही. त्याऐवजी कुणाचा तरी रात्रीचा कॅमेरा गेला, जिथे रात्रच नव्हती तिथे. मंडळी पेंग्विनचे फार सुंदर फोटो घेऊन आली. सर निवृत्त झाले, मीही झालो. स्वेटर वहिनींनी कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवला.

मला झोप लागत नाही वगैरे असं काही नाही. झोप उत्तम लागते, दुपारचीसुद्धा. पण लडाखात आकाश लाल झालं आणि सगळ्यांच्या मोबाइलवर ऑरोरा आली, तेव्हा आमच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर एका तरुण शास्त्रज्ञाने ती गोष्ट टाकली. खाली लिहिलं होतं, 'सत्यघटना'. त्याने सरांना कधी पाहिलेलं नव्हतं. हसण्याच्या चिन्हांची रांग लागली. मी सगळ्या रांगा बघितल्या आणि मला वाटलं, हा माणूस गेल्यावर एवढंच उरणार. सगळं वजा झालं, आणि उरली ती माझी थाप.

मुलुंडला गेलो. सर आता ऐंशीच्या पुढे, गच्चीवर टोपी घालून खुर्चीत बसलेले. पेटी अजून तिथेच, काळं कापड विटून तपकिरी झालेलं. वहिनी पाठोपाठ सोलकढी घेऊन वर आल्या. मी म्हटलं, "सर, तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगतात."

"माझ्याबद्दल? कोणती?"

तेव्हा मला कळलं की त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. तोंडावर कोण सांगणार? मग मी ती सांगितली. अख्खी, नाचासकट. आणि शेवटी म्हणालो, "ही मी रचली, सर. समिती त्या दिवशी त्यालाच हसली."

आधी ते हसले. वाटीवरून तर ठसका लागेपर्यंत हसले. "ऐकलंस गं? तू वाटी घातलीस!"

"मी कशाला घालतेय?" वहिनी म्हणाल्या. "ती वाटी मी किती दिवस शोधत होते. पीठ सांडलेलं ते वेगळंच."

मग सर अचानक थांबले. चष्मा वर सरकवला.

"ऑक्सिजनची रेषा कितीवर?"

"सहाशे तीस नॅनोमीटर, सर."

"आणि निऑनची ती?"

"सहाशे तीस... पॉइंट चार-पाच."

सर खुर्चीतून उठले. रागावले की ते मालवणीत जात. "मेल्या! मधी जवळजवळ अर्धो नॅनोमीटर आसा! अर्धो! माझ्या यंत्राक तो दिसना नाय? तू माका येडो म्हण, माझी हरकत नाय. नाचवलंस, नाचव. पण माझ्या यंत्राक आंधळां म्हणतंस?"

"अहो, बीपी," वहिनी म्हणाल्या.

"बीपी वजा कर!" सर ओरडले. मग हळूहळू खाली बसले. पुढे बोलले तेव्हा आवाज एकदम उतरला होता. "आणि ते हसले? समितीवाले? सगळे याच विषयातले ना रे? दोन आकडे होते. वजाबाकी कोणीच केली नाही?"

मी नकारार्थी मान हलवली.

"म्हणून नाही नेलं होय," ते म्हणाले. वहिनींनी रिकामे पेले उचलले आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "सर, मी माफी मागतो. ग्रुपवर लिहितो, जाहीर."

"माफीचं काय करू? ती कुठे मोजायची?" त्यांनी हात झटकला. "तू तीच गोष्ट परत सांग. जिथे जिथे सांगितलीस तिथे. नाच ठेव, पेढे ठेव, हिची वाटी ठेव. फक्त रेषा बरोबर सांग. दोन्ही. आणि मधलं अंतर."

"सर, पण मग विनोद होत नाही. अंतर सांगितलं की कळतं, असं होणं शक्यच नाही."

"मग?" सर म्हणाले.

तेव्हापासून मी ती गोष्ट सांगत हिंडतो आहे. ग्रुपवर लिहिली, आकड्यांसकट. जुन्या कँटीनमध्ये जाऊन सांगितली. त्या तरुण शास्त्रज्ञाला फोन करून सांगितली, तो म्हणाला, "हो का, सर? पण मग उंचवटा बाजूला दिसला असता ना?" सेक्रेटरींना जिन्यात थांबवून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "एमां हसायचं कुठे?" आता इथे छापून सांगतो आहे.

रोज संध्याकाळी मुलुंडहून फोन येतो. सर नमस्कारचमत्कार वजा करूनच बोलतात.

"आज सांगितलीस?"

"सांगितली, सर."

"कोणी हसलं?"

"नाही, सर."

"झकास," सर म्हणतात, आणि फोन ठेवतात.